मिशाळ माशांची वाटणी

४ सप्टेंबर २०१६, रविवार. उटनूर

आधी माफी! आखाजीनंतर, म्हणजे मेपासून, तुझ्या पानांवर एक ओळ लिहिली नाही. काय कारण द्यावं याचा सकाळपासून विचार करतोय. ऊन होतं — पण ऊन जूनमध्येच संपलं. ऑफिसात काम होतं — साफ खोटं. आळस, दुसरं काही नाही. लिहून टाकलं, मोकळा झालो.

सातही मासे जिवंत आहेत. खरं तर हे सर्वांत आधी लिहायला हवं होतं. मे महिन्यात काही भरवसा नव्हता. टाकीचं पाणी तापू नये म्हणून फ्रीजमध्ये बाटल्या गोठवून त्यात सोडत होतो, आणि घरची माणसं माठातलं पीत होती. आई रोज म्हणायची, "माशायले फ्रीज अन् मायले माठ! वा रे बाप्पा!"

नागपूरच्या दुकानदाराने नाव सांगितलं होतं कोरीडोरास. आई त्यांना मिशाळ म्हणते, आणि आता सगळेच. बोटाच्या दोन पेरांएवढे, तांबूस. अंगावर खवले नाहीत. हाडाच्या पट्ट्या आहेत, कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. चिलखतच म्हणायचं. तोंडाखाली मिशा. दिवसभर तळाच्या रेतीत नाक खुपसून काहीतरी शोधत असतात. मधेच एखादा बाणासारखा वर जातो, हवेचा एक घोट गिळतो आणि खाली येऊन पुन्हा कामाला लागतो. पाण्यातली हवा कमी पडली तर ही वरची हवा त्यांना पोटातून पुरते. केशवराव म्हणतो, "आपले साहेब हैदराबादले जाऊन हवा खाऊन येते न, तसंच!" सर्वांत जाड मासा कोपऱ्यातल्या लाकडाखाली बसून असतो, हलत नाही, सगळं बघतो. त्याचं नाव केशवरावानेच ठेवलं — सुपरिटेंडेंट.

केशवराव भिंतीपलीकडचा. एकाच घराचे दोन भाग, एकच घरमालक, अंगणात मधे कमरेएवढी भिंत. ऑफिसात माझ्याहून ज्युनियर, आवाजाने सीनियर. मासे आमच्या दोघांच्या मालकीचे. त्याच्या सासऱ्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला गेलो होतो तेव्हा मिळून घेतले. टाकी माझ्याकडे, कारण आमची समोरची खोली थंड. रोज संध्याकाळी तो भिंत ओलांडून येतो, स्टुलावर बसतो, देवका चहा देते, आणि आम्ही दोघे न बोलता बघत बसतो. लग्नाला वीस वर्षं झाली, इतकी शांतता घरात दुसऱ्या कोणामुळे मिळाली नाही. (देवका हे वाचत नाही. नसावी.)

दुसरी बातमी — आपला आदिलाबाद जिल्हा फुटणार! मसुदा निघालाय. कोणी तीन तुकडे म्हणतं, कोणी चार. मुहूर्त दसऱ्याचा. दोन वर्षांपूर्वी राज्य नवं झालं, त्या पाटीचा रंग वाळतो न वाळतो तोच हे. माझी वांकिडी एका जिल्ह्यात आणि केशवरावाचं नार्नूर दुसऱ्यात जाईल असं दिसतं.

उद्या गणपती. टाकीची काच आतून पुसली.

७ सप्टेंबर, बुधवार

ऑफिसात आज एकच काम झालं — कोण कुठे जाणार याचे अंदाज. मी त्यात भाग घेतला नाही. म्हणजे बोललो नाही. ऐकलं सगळं.

१३ सप्टेंबर, मंगळवार

खुर्च्या, टेबलं, कपाटं, पंखे — सगळ्याची वाटणी सुरू. सुपरिटेंडेंट साहेब (माणूस) खडू घेऊन फिरतात आणि ज्याच्या त्याच्या पाठीवर जिल्ह्याचं नाव लिहितात. घाईत एका पंख्यावर दोन जिल्ह्यांची नावं पडली. तो अजून आमच्याच डोक्यावर फिरतोय.

सगळ्यांचं मत, केशवराव जाणार. मंचिर्यालला. तो म्हणतो, "ज्युनियर माणूस अन् लोखंडी कपाट — दोघायलेही आधी उचलते." मी म्हणालो, अजून काही नक्की नाही. तर म्हणतो, "तुमाले काय! तुमी सीनियर. तुमाले कोन हालवते!"

ऐकून बरं वाटलं. बरं वाटल्याचं वाईट वाटलं. जेवताना पुन्हा थोडं बरं वाटलं.

१८ सप्टेंबर, रविवार

भांडण झालं. हातापायी नाही, पण भांडणच.

चहा अर्धा झाल्यावर केशवराव म्हणाला, "लक्ष्मणराव, माहा हिस्सा देऊन टाका."

"कशाचा?"

"मिशाळायचा. मी दसऱ्याले जाऊन राह्यलो. माहे मले पायजे."

मी शांतपणे समजावून सांगितलं. (देवका म्हणते शांतपणे नव्हतं.) हे कळपाचे मासे. सहाच्या खाली गेले की त्यांचं धैर्य जातं. लपून बसतात, खात नाहीत. मी वाचलंय. सात आहेत म्हणून ते मासे आहेत. तीन झाले की नुसते घाबरट जीव.

"माणसं तुटून राह्यली!" तो म्हणाला. "बायकापोरं इथी अन् नवरा तिथी, त्याचं कोनाले काई नाई. अन् तुमी माशायचा कळप घेऊन बसले!"

मी म्हणालो, "सजीव वस्तूची वाटणी करताना नियमाने बघितलं तर —" पुढचं वाक्य मला सुचलं नाही, कारण असा नियम नाही.

"साडेतीन-साडेतीन तं होत नाई. चार तुमी ठेवा, तीन मले द्या. पन तीनात सुपरिटेंडेंट पायजे."

"एकही मासा या घरातून जाणार नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं! जणू मासे माझ्या एकट्याचे. त्याने कप स्टुलावर ठेवला आणि उठला. आणि भिंत ओलांडली नाही! फाटकातून बाहेर, रस्त्यावरून वळसा घालून, आपल्या फाटकातून आत. पाहुण्यासारखा.

तेव्हापासून विचार करतोय. मी माशांसाठी नाही म्हणालो, की जिंकण्यासाठी?

२० सप्टेंबर, मंगळवार

दोन दिवस स्टूल रिकामं. देवका सवयीने एक कप जास्त करते आणि मग तो मी पितो. झोप येत नाही. चहामुळे, असं मी तिला सांगितलं.

आज आईने निकाल लावला. मला न विचारता! भिंतीशी उभी राहून पलीकडे ओरडली, "केशव! पित्तरपाट चालू हाय. आता वाटनी केली तं वरचे सारे जेवाले येतीन अन् तुह्ये मासेच खाऊन जातीन. अमावस्या होऊ दे."

पलीकडून आवाज, "बरं आई."

"अन् भांडू नोका. एकानं वाटे पाडावं, दुसऱ्यानं उचलावं. आमच्या घरी वावर असंच वाटलं. मोठा पाडते, लहान उचलते."

म्हणजे वाटणी होणार हे ठरलं. मी इथेच खुर्चीवर बसलो होतो, हातात पेपर. माझ्याकडे कोणी बघितलंही नाही.

२ ऑक्टोबर, रविवार

वाटे मी पाडले. मोठा मी ना!

काल दिवसभर कसे पाडावे याचाच विचार. असे पाडायला हवेत की कोणताही वाटा आला तरी मला वाईट वाटू नये. असे वाटे नसतातच. शेवटी सुपरिटेंडेंट आणि दोन लुकडे एका पातेल्यात. उरलेले चार दुसऱ्यात. तीन विरुद्ध चार, पण वजन सारखं. न्याय झाला असं वाटलं. मग वाटलं, वजनाने न्याय करायला हे काय वांगी आहेत?

पकडताना हाल. यांच्या बाजूच्या पराला काटा असतो, तो जाळीत अडकतो. शेवटी स्टीलच्या ग्लासने एकेक धरला. सुपरिटेंडेंट सर्वांत शेवटी. ग्लासात बसूनही त्याने डोळा फिरवला. हे मासे डोळा बुबुळासकट खाली वळवतात, अगदी डोळा मारल्यासारखा. कोणाला मारला कोण जाणे.

केशवरावाने दोन्ही पातेल्यांकडे बघितलं. माझ्याकडे नाही. तिनाचं उचललं. त्याची बायको वच्छलाबाई ताट घेऊन तयारच. "नव्या घरी चालले. ओवाळू का?" कोणी हसलं नाही. तिने खरंच ओवाळलं.

टाकी एकदम मोठी दिसायला लागली.

५ ऑक्टोबर, बुधवार

देवका पलीकडे जाऊन आली. केशवरावाने लहान टाकी आणलीय, त्यात निळे खडे टाकलेत. टोकदार!

मला धड बसवेना. टोकदार खड्यांत नाक खुपसून यांच्या मिशा झिजतात. मग तोंड सडतं. आपल्या टाकीत मी वागूतली बारीक रेती आणली होती — इथे ओढ्याला वागूच म्हणतात. पाच पाण्यांनी धुतली आणि चुलीवर उकळली. तेव्हा आई शेजारणीला सांगत होती, "माह्या पोरानं बी. ए. केलं अन् आता रेती शिजवून राह्यला."

त्यातली पिशवीभर उरली होती. मी ती देवकाला दिली आणि म्हणालो, वच्छलाबाईंना दे, माझं नाव सांगू नको.

"मग कोनाचं सांगू? उटनुरात दुसरं कोन रेती शिजवते?"

संध्याकाळी भिंतीवर एक डबा ठेवलेला. आत करंज्या, आणि खाली धुऊन पुसलेले निळे खडे. काढून दिले होते. त्यांचं मी काय करायचं?

८ ऑक्टोबर, शनिवार

आपले चार पंपाच्या नळीमागे गठ्ठा करून बसतात. गोळ्या टाकल्या की बघतात, येत नाहीत. वच्छलाबाईंकडून कळलं, तिकडचे तिघेही तसेच.

म्हणजे माझं म्हणणं बरोबर होतं. आनंद व्हायला हवा होता.

ऑफिसात केशवराव मला "नमस्कार" म्हणतो.

१० ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी

बोटं अजून हळदीने पिवळी आहेत. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

उद्यापासून नवे जिल्हे. म्हणून आज सणाचंही सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मिसली, म्हणजे फायली, बांधायच्या, कपाटं ट्रकात चढवायची. एक कपाट माझ्या आणि केशवरावाच्या वाट्याला आलं. तो एका बाजूने, मी दुसऱ्या. "जरा डावीकडे" आणि "दमानं" यापलीकडे बोलणं नाही. त्याला शेवटच्या ट्रकासाठी थांबवून घेतलं, मी घरी आलो.

आईने दरवर्षीसारखी हत्यारं पुजली होती. विळा, कुऱ्हाड, देवकाचं शिलाई मशीन, मिक्सर, माझी स्कूटर. सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. समोरच्या खोलीत पाय ठेवला आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाज नव्हता! बुर्र नव्हती. टाकीशेजारी पाटावर पंप बसला होता. अंगाला हळद, गळ्यात माळ, पुढे सुपारी. नळी आपली लोंबतेय.

"आई, हा कोणी बंद केला?"

"म्या. आज हत्यार चालवाचं नसते."

"अगं, त्याच्यावर मासे जगतात!"

"वर्सभर बुर्र बुर्र करते बिच्चारं. एक दिस आराम नको त्याले? अन् पंप नोता तवा नदीतले मासे काय मेलते?"

मी टाकीपाशी वाकलो.

देवका स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी म्हनलं होतं आईले. तं म्हने, तुह्या मशीनवर आज तू कपडे शिवून राह्यली का?"

चौघांकडे बघितलं. त्यांना काही झालं नव्हतं. एकेक जण वर जात होता, हवा गिळत होता, खाली येत होता. रोजच्यापेक्षा जरा घाईने, इतकंच. पंपाची माळ काढली, हळद पुसली, लावला. आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

"आई, पलीकडच्या पंपाचं काय?"

"वच्छलेनं बोलावलं होतं. घरात वडीलधारं बाई मानूस नाई म्हने. त्याचीबी पूजा केली. चांगला नारळ फोडला."

मी भिंतीवरून उडी मारली. सेहेचाळिसाव्या वर्षी! पायजमा तोरणाच्या दोरीत अडकला आणि वच्छलाबाईंच्या दारात मी झेंडूसकट पोचलो.

लहान टाकीचं पाणी पातळ वरणासारखं झालेलं. तिघे सारखे वर-खाली, वर-खाली. सुपरिटेंडेंटसुद्धा! वच्छलाबाई म्हणाल्या, "खाईनात म्हनून ह्यायनं सकाळी मूठभर जास्तीचं टाकलं होतं." ते सगळं तळाशी कुजलेलं, आणि वरून दिवसभर पंप पाटावर.

केशवरावाला फोन लावला, उचलेना. मी वच्छलाबाईंकडे बघितलं.

"घेऊन जा न भाऊजी! मले काय इचारता!"

ग्लासने तिघांना पातेल्यात घेतलं. या वेळी फाटकातून गेलो, पातेलं दोन्ही हातांत, कोणीतरी नैवेद्य समजून वाट दिली. मोठ्या टाकीतलं अर्धं पाणी काढलं, न जाणो हळद उतरली असेल. हौदातलं भरलं, पावसाने चांगलं गार पडलेलं. आणि तिघांना सोडलं.

मग बसलो. ही चोरी झाली का? मालक घरी नाही. मालकीण हो म्हणाली, पण वाटा उचलला मालकाने. जीव वाचवायला नेले हे खरं. पण पातेलं हातात घेताना मला आनंद झाला, हेही खरं. त्या आनंदाचं काय करायचं?

केशवराव आला तेव्हा अंधार पडत होता. आधी घरी गेला असणार, दारातच उभा राहिला. मी बोलायला लागलो, पंप, नारळ, पाणी, फोन, सगळं उलटसुलट. त्याचं लक्ष नव्हतं. तो टाकीकडे बघत होता.

सातही जण लाकडापुढे एकाला एक खेटून. मिशा हलतायत. मी गोळ्या टाकल्या. सुपरिटेंडेंट पुढे, बाकीचे मागे, सगळे आले! आठवड्यात पहिल्यांदा रेतीत नाकं खुपसली.

तो स्टुलावर बसला. म्हणाला, "मले हिस्सा नोता पायजे, लक्ष्मणराव. मंचिर्यालले खोलीत एकटा राहीन मी. कोनी तं पायजे होतं न. बोलाले नाई — नुसतं पाहाले."

मी कळपाबद्दल एवढं वाचलं होतं!

देवकाने चहा आणला. त्याने घेतला. जाताना भिंत ओलांडून गेला.

११ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

ऑर्डर निघाली. केशवराव — आदिलाबाद जिल्हा, उटनूर, आहे त्याच खुर्चीवर. आसिफाबाद जिल्ह्याला जाणार — मी.

नोकरीला लागताना जे गाव लिहिलं त्यावरून ठरवलं म्हणे. मी वांकिडी लिहिलं होतं, त्याने नार्नूर. हा नियम आठवडाभर ऑफिसच्या भिंतीवर लावलेला होता. चार जणांना तो मीच समजावून सांगितला. आपल्याला लागू करून पाहायचं सुचलं नाही! सीनियर माणसाला कोण हलवतं!

सोमवारी हजर व्हायचं. पोराचं इंटरचं दुसरं वर्ष, म्हणजे बारावी, म्हणून देवका इथेच राहणार. आई मात्र ऐकताक्षणी उठली. "तबादला? आसिफाबाद? म्हंजे वांकिडी हाकेवर! मी येतो तुह्यासंगं." आणि ट्रंक काढली. या घरात दसरा फक्त तिचा झाला.

दरवर्षी संध्याकाळी आम्ही शीव ओलांडायला गावाबाहेर जातो. यंदा गेलो नाही. यंदा शीवच माझ्या अंगावरून गेली.

केशवराव जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन आला. हातात दिली, गळाभेट घेतली, आणि नेहमीचं वाक्य त्याला म्हणता येईना. शेवटी म्हणाला, "तो दोन नावाचा पंखा कोनाकडं गेला?"

"इथेच राहिला."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि नाक शिंकरलं.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

मी ठरवलं, सातही मासे आणि टाकी केशवरावाची. त्याला सांगितलं. तो भडकला!

"तुमी एकटे राहसान तिथी. तुमी घेऊन जा."

"माझ्याबरोबर आई आहे."

"म्हनूनच म्हनतो! आई आसिफाबादच्या पंपालेही आराम देईन."

मी म्हणालो, मग तीन-चार करू. तो म्हणतो, "काऊन? कळप तोडता का? सहाच्या खाली गेले का त्यायचं धैर्य जाते!" माझंच वाचलेलं मला ऐकवतो! मी त्याचं माणसाच्या एकटेपणाचं त्याला ऐकवलं. तासभर मी त्याची बाजू लढलो, तो माझी. आवाज इतके चढले की वच्छलाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "या दोघायलेच टाकीत टाका अन् मासे स्टुलावर बसवा."

काही ठरलं नाही. ट्रंक भरली.

एक काळजी. सुपरिटेंडेंट आज विचित्र वागतोय. लाकडाखाली बसतच नाही. दोन लुकडे सारखे त्याच्या मागे. मधेच थांबतो आणि एकाच्या कुशीत तोंड खुपसतो, मग काचेपाशी जाऊन काच चाटल्यासारखं करतो. पोट ताठ दिसतंय. लहान टाकीतलं ते कुजकं पाणी बाधलं असणार. मी वेळेवर पोचलो नाही. आज कोणालाच खायला दिलं नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

सुपरिटेंडेंट साहेब बाई आहेत!

सकाळी समोरच्या काचेवर साबुदाण्यासारखे दाणे. चिकटलेले, ओळीने. मी केशवरावाला हाक मारली. तो बनियनवर, तोंडात ब्रश, भिंतीवरून आला. आम्ही बघत असतानाच साहेबांनी स्वतःचीच दोन अंडी खाल्ली! आईबापांपासून वेगळीच ठेवावी लागतात ती. बोटाने हलकेच सोडवून पातेल्यात घेतली, पंपाची एक नळी त्यात सोडली. आई म्हणाली, "बाळंतीन हाय, आज तिचं पानी बदलू नोका."

सात जण इथेच राहतील, स्टुलासमोर. पिल्लं पेराएवढी झाली की माझ्याबरोबर. केशवराव पातेल्यावर वाकून म्हणाला, "नवी भरती! पोस्टिंग आसिफाबाद!"

उद्या — केशवरावाकडून ती लहान टाकी भिंतीवरून इकडे घेणे.